वळणावरचा वीर

बसा मास्तर, कट्ट्यावरच बसा. काय होत न्हाय, दगड रागावत न्हाय, तो लई सोसणारा हाय. तुमी त्याची माहिती इचाराय आलासा व्हय? आता सोराज्य आलं, ह्याच कट्ट्याजवळ झेंडा लागला, तर गावात जुनं काय काय हाय त्याच्या पाट्या लावायच्या म्हणतासा, येणारा-जाणारा वाचंल. चांगलं हाय, लावा की. पण राजा कोण हुता, साल कुठलं हुतं, ते मला इचारू नका. गावात कुणालाच ठावं न्हाय. मला माझंच साल ठावं न्हाय, दगडाचं काय सांगू तुमास्नी. मी आपला माझा जलम सांगतो, त्यात दगड येतोयच. आन् बाई असून मी सांगतो, मी आलो, मी गेलो म्हणतो म्हणून हसू नका, तुमी साताऱ्याकडं शिकून आलासा, आमच्या बेळगाव भागात बायका असंच बोलत्यात. काल शाळंतल्या पोरीस्नी तुमी त्यावरनं टोकलासा म्हणं. टोकू नका, त्या घरात जाऊन परत तसंच बोलणार.

तर माझं माहेर म्हंजे ह्यो कट्टा. थट्टा न्हाय करत. दुसऱ्या बायका माहेर म्हटलं की बेळगुंदी म्हणतील, खानापूर म्हणतील, मी ह्या दगडाकडं बोट करतो. नीट बघा त्याच्याकडं. तीन खण हैत. खालच्या खणात एक गडी हाय, हातात तलवार, म्होरं घोड्यावरचं लोक आन् ह्याच्या पाठीमागं गाई. मधल्या खणात दोन बायका त्याला धरून वर न्हेत्यात. वरच्या खणात तो पिंडीम्होरं हात जोडून बसलाय, वर चंद्र-सूर्य. म्हातारी माणसं सांगायची, चोरांनी गावची गुरं हाकून न्हेली, ह्यो एकटाच मागं गेला, गुरं परत आणलान आन् वेशीत पाय ठेवला नि पडला. नाव न्हाय ठावं. आमी नुस्तं वीर म्हणतो. पण गावानं एक धरलंय, ह्यो हरवल्यालं परत आणून देणारा. म्हणून आमच्या जत्रंत कुणाचं पोर चुकलं, तर ज्याला गावंल त्यानं ते उचलायचं, कट्ट्यावर आणून बसवायचं, हातात मूठभर चिरमुरं द्यायचं आन् आपल्या वाटंनं जायचं. तू कुणाचं, कुठलं, काय इचारायचं न्हाय, पोर जास्तच रडतंय. आईनंबी रानभर वरडत हिंडायचं न्हाय, सरळ कट्ट्यावर यायचं. आजपतोर तसंच चाललंय. जत्रंदिवशी बघा तुमी, कट्ट्यावर पोरं वळीनं बसल्याली असत्यात, डोळ्यांत पाणी आन् तोंडात चिरमुरं.

मलाबी कुणीतरी असंच ठेवलं. पिलेगाचं साल हुतं. गावंच्या गावं रानात झोपड्या घालून ऱ्हायली हुती, कुणाच्या काखंत गाठ, कुणाच्या जांघंत, सकाळी बोलणारं माणूस सांजंला न्हाय. सरकारनं जत्रा भरवू नका म्हणून दवंडी दिल्याली, पण आमची जत्रा ती केवढी, आन् वीराला वर्साचा निवद चुकवायचा कसा, म्हणून भरली. थोडी माणसं आली. आमच्या आप्पांचा पाळणा हुता जत्रंत. आप्पा सुतार, त्यांनी स्वताच्या हातानं लाकडी पाळणा केला हुता, चार पेट्यांचा, हातानं ढकलायचा, सोडवून बैलगाडीत घालायचा आन् जत्रा-जत्रा हिंडायचं. तुमी रहाटपाळणा म्हणता तो. बायका-पोरं पेटीत बसली की आप्पा खालनं जोर लावायचं, आन् पेटी वर गेली की जी काय किंकाळी उठायची, ती ऐकाय लोक लांबनं यायचं.

तर त्या सांजंला जत्रा उठली, चुकल्याली पोरं ज्याच्या त्याच्या आया घेऊन गेल्या, आन् कट्ट्यावर मी एकलीच ऱ्हायलो. फडक्यात गुंडाळल्याली, रांगायचंबी वय नव्हतं. गळ्यात न्हाय, हातात न्हाय, काय खूण न्हाय. लोक लांबनंच बघत हुतं, पिलेगाच्या घरचं पोर असंल, हात कोण लावणार. अव्वानं लावला. अव्वा म्हंजे आप्पांची बायको, मला वाढवल्याली ती. तिनं इचारलंबी न्हाय कुणाला, उचललं आन् पदराखाली घेतलं. त्या दोघांच्या पोटी काय नव्हतं. नंदगडला इंग्रजासंगं लढल्याल्या एका शूर गड्याला फाशी दिलं, तितल्या वडाला लोक मूल व्हावं म्हणून इवलं इवलं लाकडी पाळणं बांधत्यात, आप्पा ते पाळणं कोरून द्यायचं लोकास्नी, आन् एक आपलाबी बांधून आलं हुतं. तरी अव्वा म्हणाली, ही आपली न्हाय, हिची आई येईल, तवर आपण सांभाळायची.

आता ऐका, ह्या माणसानं काय केलं. दुसऱ्या दिवशी पाळणा सोडवून नंदगडला जायाचं हुतं, तितली जत्रा मोठी, बंदी असूनबी भरणार हुती, वर्साची कमाई तितंच. आप्पांनी पाळणा सोडवला न्हाय. म्हणालं, त्या बाईनं पोर ठेवलं तवा शेजारी पाळणा हुता, तीच तिची खूण. पाळणा उतरवला आन् ती आली, तर ठिकाण वळखायची न्हाय. मोकळ्या माळावर एकला पाळणा हुबा, जत्रा न्हाय, माणूस न्हाय, वाऱ्यानं पेट्या करकरायच्या. लोक हसलं, सुताराला याड लागलं म्हणालं. नंदगड गेलं, त्याच्या मागची जत्रा गेली. पावसाळा तोंडावर आला, लाकूड कुजाय लागणार, तवा कुठं उतरवला. अव्वा सांगायची, उतरवताना आप्पा एकच वाक्य बोललं, ती येत न्हाय असं न्हाय, तिला येता येत न्हाय. काय सांगू तुमास्नी मास्तर, त्या वाक्यावर मी सगळा जलम काढला. माझ्या आईबद्दल वाईट सबूद त्या घरात कुणी कधी काढला न्हाय. त्या दोघांचं उपकार मी फेडू शकत न्हाय, फेडायचंबी न्हाय, तसंच अंगावर ऱ्हाऊ देत.

नाव ठेवलं विरी. गाव म्हणायचं वीराची पोर. जत्रंला सगळ्या लेकी माहेराला यायच्या, तवा पाटलीणबाई माझीबी ओटी भरायची, ह्या कट्ट्यावर बसवून, म्हणायची, हिचं माहेर हितंच हाय, हिला कुठनं यायचं न्हाय आन् कुठं जायचं न्हाय. गाव चांगलं हाय हो. काय कमी केलं न्हाय.

आप्पांच्या बरोबर मी जत्रा हिंडलो. बेळगुंदी, खानापूर, नंदगड, इकडं पिरनवाडीपतोर. सुताराची पोर म्हणून मला फुकाट बसाय मिळायचं. पोरीस्नी वाटायचं विरीला लई मजा, आन् मजा हुतीच, पण मी वर गेलो की खालच्या बायका बघायचो. वरनं सगळी जत्रा दिसायची. कुणी बाई एकलीच हुबी हाय काय, कुणाची नजर कट्ट्याकडं वळती काय, रडाय लागली काय कोण. आपल्या गावच्या जत्रंत तर मी खाली उतरायचोच न्हाय. अव्वा खालनं वरडायची, विरे, पोटात ढवळंल, उतर की गं. मी म्हणायचो, आणि एक फेरा. तिला ठावं हुतं मी काय बघतोय ते. ती परत वरडायची न्हाय, आप्पास्नी म्हणायची, हळू ढकला हो.

लग्नाचं वय झालं. निपाणीकडनं स्थळ आलं, तंबाखूची जमीन, घरात दुभतं, पोरगा दिसाय बरा. आप्पा खूश. मी न्हाय म्हणालो. बेळगुंदीचं आलं, न्हाय म्हणालो. आप्पा चिडलं, म्हणालं, तुला काय राजाचा ल्योक पायजे काय गं. मी म्हणालो, आप्पा, मी निपाणीला गेलो आन् ती हितं आली तर? आप्पांच्या हातात रंधा हुता, तो तसाच ऱ्हायला. पुढं पिरनवाडीचा एक सुताराचाच धाकटा ल्योक बघितला, त्याला इचारलं, सासऱ्याच्या गावात ऱ्हाशील काय. तो म्हणाला, पाळणा ढकलाय मिळंल काय? तेच आमचं मालक. ते बघा, तिकडं बैलास्नी पाणी दावाय लागल्यात, तुमी आलासा म्हणून हिकडं येत न्हायत, लाजत्यात. लई भला माणूस मिळाला मला. लगीन झाल्यावर मी म्हणालो, आपण उद्या दगडाला तेल घालू या, तर का म्हणून इचारलं न्हाय, तेलाची वाटी घेऊनच आलं.

आता रस्त्याचं ऐका, त्यात खरी गंमत हाय, आन् माझा जीव जायाची येळबी त्यातच आली. पूर्वी हितनं गाडीवाटच हुती. सरकारनं मोटारीचा रस्ता करायचं काढलं. ओव्हरसीर साहेब आला, धारवाडकडचा, बोलाय मराठी बरं बोलायचा पण रागावला की कानडीत जायाचा. माणसं साखळ्या घेऊन माप घेत हिंडली, लाकडाच्या खुंट्या मारल्या, आन् जे दगड, जी झाडं रस्त्याच्या मधी येत्यात, ज्यास्नी फोडायचं, तोडायचं, त्यास्नी चुन्याचा पांढरा पट्टा मारून साहेबाची माणसं गेली. कुणाला काय सांगितलं न्हाय. इचारलं तर म्हणाली, सरकारी काम हाय, पुढच्या आठवड्याला समजंल.

आन् पुढचा आठवडा म्हंजे आमची जत्रा. आता आमच्या गावची रीत अशी, जत्रंच्या आधी वीराच्या दगडाला पाटलाच्या घरनं पहिला चुन्याचा पट्टा मारायचा, तो मान. तो पहिला पट्टा पडला की मग सगळ्या घरांनी चुना आन् काव घेऊन भाईर पडायचं, एक पट्टा पांढरा, एक तांबडा, कट्टा, देवळाची पायरी, हिरीचा काठ, झाडांचं बुंधं, सगळं रंगवून काढायचं. पहिला पट्टा पडल्यावर काम अर्धवट ठेवायचं न्हाय, ते अशुभ. आन् बघतो तर दगडाला पांढरा पट्टा आधीच मारल्याला! बाया गोळा झाल्या. पाटलीणबाई लाल झाली, आमचा मान कुणी घेतला म्हणून. पाटील म्हणालं, अगं, सरकारनं घेतलाय, सरकारनं आपल्या वीराला पट्टा मारला, एवढा मान आजपतोर झाला न्हवता. झालं की, गावाला काय तो उत्साह चढला. सरकारनं सुरवात केली आन् आपण मागं ऱ्हायाचं? त्या वर्सी आमी बायांनी काय शिल्लक ठेवलं न्हाय. दगड रंगवलं, झाडं रंगवली, शेताच्या बांधावरचं दगड रंगवलं, साहेबाच्या खुंट्या दिसल्या, त्याबी रंगवल्या, एक पट्टा पांढरा, एक तांबडा. आमच्या मालकांनी पाळण्याचं खांब रंगवून घेतलं. वीराचा दगड मीच रंगवला, माझं माहेर न्हवं का ते. हळूहळू, कोपरं धरून. ज्या पट्ट्यानं त्याला फोडायचं ठरवलं हुतं, त्याच्या खाली मी कावेचा पट्टा वढत हुतो आन् गाणं म्हणत हुतो.

खडी फोडणारी माणसं पहारी घेऊन आली. मुकादम बघतोय तर नजर जाईल तिकडं पट्टं. कुठला दगड फोडायचा, कुठलं झाड तोडायचं, कायच कळंना. खुंट्याबी झाडाझुडपांत मिसळून गेल्याल्या. त्यानं बेळगावला माणूस धाडला, साहेब जत्रंच्या आदल्या दिवशी घोड्यावर बसून आला. खाली उतरला, इकडं बघितला, तिकडं बघितला, टोपी काढून घाम पुसला आन् कानडीत सुरू झाला. कुणी केलं हे? पाटील हात जोडून म्होरं झालं, म्हणालं, साहेब, सुरवात तुमी केलासा, आमी पुरं केलं. साहेब म्हणाला, अरे, पांढरा पट्टा म्हंजे फोडायचं! तोडायचं! ते सगळं जाणार हाय!

मास्तर, माझ्या हातात चुन्याचं मडकं हुतं, ते मी सोडलं न्हाय. मी म्होरं गेलो, कधी परक्या गड्याम्होरं बोललो न्हवतो, म्हणालो, साहेब, ह्यो दगड फोडू नका, मला हितं कुणीतरी ठेवलंय, ते माणूस परत आलं तर ह्यो दगडच हुडकत येणार, दुसरं काय ठिकाण न्हाय माझं. साहेबानं माझ्याकडं बघितलं, वाईट माणूस न्हवता तो, म्हणाला, बाई, रस्ता सरळ जातो, कुणासाठी वाकत न्हाय. जत्रंत माणसं कामाला येणार न्हायत म्हणून थांबतो. जत्रा झाली की पहिला ह्यो. मी घरात आलो आन् अव्वाच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडलो. अव्वा म्हातारी झाल्याली, नुस्ती पाठीवरनं हात फिरवत ऱ्हायली. आप्पा म्हणालं, न्हाय तर पाळणाच जाग्यावर हुबा करून ठेवू, कायमचा. तेवढंच त्या माणसाच्या हातात हुतं.

जत्रंदिवशी साहेब पाटलाच्या वसरीत बसून नकाशा बघत हुता. त्याची बायको आन् बारकी लेक बेळगावास्नं टांग्यानं आल्या, जत्रा बघाय. बाईनं बांगड्या भरल्या, लेकीनं पाळण्यात बसायचा हट्ट धरला, बसली, हसली, आन् पेटीतनं उतरल्यावर गर्दीत बाईच्या हातातनं हात सुटला. लेक दिसंना. बाईनं जो हंबरडा फोडला, पिपाण्या वाजवणारी पोरंबी गप झाली. साहेब नकाशा टाकून पळत आला, टोपी न्हाय, जोडा न्हाय, हिरीत वाकून बघतोय, गाड्यांच्या खाली बघतोय, लेकीचं नाव घेऊन वरडतोय. काल केवढा ताठ माणूस. आमच्या बायांनी त्याला धरलं, म्हणाल्या, अहो दादा, असं हिंडू नका, कट्ट्यावर जावा की. त्याला काय कळंना, कसला कट्टा, का कट्टा. मीच त्याच्या बायकोचा हात धरला आन् दोघास्नी घेऊन आलो.

चुकल्याली पोरं वळीनं बसली हुती, आन् त्यात साहेबाची लेक, दगडाला पाठ टेकून, मुठीनं चिरमुरं खात. शेजारच्या पोराला देत बी हुती. बाईनं झडप घालून उचललं. लेकीच्या झग्यावर पाठीमागनं पट्टं उमटल्यालं, एक पांढरा, एक तांबडा, चुना-काव वाळलं तरी अंगाला लागतंय ना. साहेब ते पट्टं बघत ऱ्हायला. मग दगडाकडं बघितलान. मग माझ्याकडं. हिला हितं कोणी आणून बसवलं, म्हणाला. मी म्हणालो, ते कुणी सांगत न्हाय साहेब, तशी रीतच न्हाय. तो कट्ट्याच्या कडंला, आता तुमी बसलासा तितंच, मटकन बसला आन् हातांत तोंड घालून रडला, सगळ्या गावादेखत.

दुसऱ्या दिवशी सकाळी साखळ्या परत भाईर निघाल्या. रस्ता दगडाच्या अल्याडनं वळवला. मोठ्या साहेबानं इचारलं तर काय सांगणार म्हणून पाटलांनी इचारलं, तर म्हणाला, सांगतो की, मधी जमीन भुसभुशीत हाय, सरळ रस्ता खचंल. त्याच्या लेकराबाळांचं कल्याण होवो. पुढं त्याची बदली झाली, परत भेट न्हाय, पण जत्रंत नारळ फोडताना मी एक त्याच्या नावानं फोडतो.

आन् वळणाचा आणि एक फायदा झाला बघा. सरळ रस्ता असता तर मोटार भुर्रकन गेली असती, आमच्या गावाला कोण इचारतंय. वळणावर मोटारीला हळू व्हावं लागतंय, हळू झाली की माणसं हात करत्यात, हात केला की थांबती. डायव्हर शिव्या देत्यात वळणाला, पण च्या प्यायला हितंच उतरत्यात. आप्पा गेलं, मागनं अव्वा गेली, पाळणा मालक आन् आमचा ल्योक बघत्यात, आन् मी ही च्याची टपरी घातली. खरं सांगू? च्यासाठी न्हाय घातली. उतरणारं माणूस दिसावं म्हणून घातली.

आन् एक दिवस उन्हाच्या वक्ताला एक म्हातारी उतरली. हातात बोचकं, अंगाला तंबाखूचा वास, निपाणीच्या वखारीत काम केल्याल्या बायकांच्या अंगाला ऱ्हातोय तो, धुऊन जात न्हाय. च्या न्हाय, पाणी न्हाय, सरळ कट्ट्याकडं गेली आन् हुबी ऱ्हायली. मी किटली घेऊनच मागं गेलो. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायची. म्हणाली, हितं जत्रा भरती काय गं? भरती म्हणालो. पाळणा असतो काय? असतो, आमचाच हाय. ती कट्ट्याला टेकली आन् म्हणाली, पिलेगाच्या साली मी माझं लेकरू हितं ठेवलं हुतं.

काय सांगू तुमास्नी मास्तर. सगळं आयुष्य ज्या सबदांची वाट बघितली, ते सबूद कानावर आलं. मनात म्हणालो, आली. आली गं बाई. तिचं तोंड बघाय लागलो, माझं नाक तिच्यात हाय काय, कपाळ हाय काय, कान कसं हैत. मग इचारलं, कसं हुतं लेकरू? तिचं तोंड उजळलं. म्हणाली, बाबू म्हणायचो मी त्याला. गोरापान ल्योक माझा. कमरंला काळा करगोटा हुता, त्यात चांदीचा मणी वोवला हुता.

ल्योक हुता तिचा. माझी न्हवती ती.

मी किटली खाली ठेवली आन् तिच्या शेजारी बसलो. ती म्हणाली, गावला काय गं कुणाला? मी म्हणालो, मावशे, त्या साली ह्या कट्ट्यावर एकच पोर ऱ्हायलं आन् ते मी. तुझा कट्टा ह्यो न्हवं, दुसऱ्या कुठल्या तरी गावचा असंल, पाळणं मायंदाळ हुतं तवा, दगडबी गावोगाव हैत. ती माझ्याकडं बघत ऱ्हायली. तिला कळलं. तिलाबी कळलं मी कोण हाय ते आन् मी कुणाची वाट बघत बसलोय ते. मग जे कधी कुणाला इचारता आलं न्हाय ते मी तिला इचारलं. का ठेवलंस गं? ती म्हणाली, घरातली सगळी गेली, आन् एक दिवस माझ्या काखंत गाठ लागली हाताला. मी मरणार हे पक्कं. माझ्या मढ्याजवळ लेकरू रडत बसंल त्यापेक्षा जत्रंत ठेवावं, कुणीतरी बऱ्या घरचं उचलंल. ठेवलं आन् झाडाखाली मराय जाऊन पडलो. आन् मेलो न्हाय बघ. शुद्धीवर आलो तवा भावाच्या घरी निपाणीला हुतो, लेकरू ठेवलं त्या गावाचं नाव ठावं न्हाय, वाट आठवंना. भाऊ म्हणायचा, ते गेलं, इसर. भाऊ हुता तवर मला भाईर पडाय मिळालं न्हाय. आता तो गेला, आता हुडकतोय.

माझ्या आईचं उत्तर न्हवं ते, मला कळतंय. पण माझी आई आली असती तर दुसरं काय सांगणार हुती? आप्पा बोललं हुतं न्हवं, तिला येता येत न्हाय. मला लई हलकं वाटलं मास्तर. नाव इचारलं, पद्मा म्हणाली. मी म्हणालो, पद्माक्का, आज मोटार गेली, आज हितंच ऱ्हा. ती ऱ्हायली ती ऱ्हायलीच. तीच ती, आत भजी तळती. जैन हाय, दिवस मावळायच्या आत जेवती, तर आता आमचं सगळं घरच उजेडात जेवतंय. कांदा खात न्हाय, पण कांद्याची भजी तिच्यासारखी कुणाला जमत न्हायत, चव न बघता मीठ बरोबर घालती. आन् मला दिवसभर बोलती, हे असं का केलंस, ते तसं का ठेवलंस, पदर नीट घे. बोलू दे. एवढ्या वर्सांनी कुणीतरी मला आईसारखं बोलतंय.

जत्रांच्या दिवसांत आमी दोघी मोटारीनं जातो, ज्या गावात असा दगड हाय, ज्या गावात पाळणा येतो, तितं उतरतो, म्हाताऱ्या माणसास्नी इचारतो. अजून गावला न्हाय बाबू. हितं मोटार थांबली की मी म्हाताऱ्या बायांच्या तोंडाकडं बघतो आन् ती पन्नाशीकडं झुकल्याल्या गड्यांच्या. तुमी आलासा तवा तिनं तुमच्याकडंबी बघितलं, मग म्हणाली, हे लई तरणं हाय.

तर मास्तर, तुमच्या पाटीवर राजा-बिजा घालायचा असंल तर घाला, इचारून घ्या कुणाला तरी. गुरं आणली ते घाला, ते खरं हाय. पण खाली माझी एक वळ लिवा, मोठ्या अक्षरात, मराठीत बी लिवा आन् कानडीत बी लिवा. मोटार हितं थांबती. चुकल्यालं माणूस ह्या कट्ट्यावर बसवावं. एवढंच. बाबूला वाचाय येत असंल-नसंल, कुणीतरी वाचून दाखवंल त्याला. आन् माझी आई, ती आता ऱ्हायली नसंल. असली तर तिलाबी कुणीतरी दाखवंल. मला तक्रार न्हाय कुणाबद्दल. मला उचललं, पदराखाली घेतलं, पाळण्यात बसवलं, माझ्यासाठी सरकारचा रस्ता वाकला, आणि काय पायजे माणसाला?

उठू नका, थांबा वाईच. पद्माक्का, चिरमुरं आण गं मूठभर. घ्या मास्तर, हात म्होरं करा. कट्ट्यावर बसल्याल्याला आमी रिकाम्या हातानं उठवत न्हाय. तुमची आई तिकडं साताऱ्याला असती न्हवं? मग ह्या सुट्टीला जावा घरी, वाट बघत असंल ती. सुखी ऱ्हावा.